सहावा ट्रॅक

"परत? तिसऱ्यांदा ऐकताय काका," वरद हसला.

"लाव."

त्याने सहावा ट्रॅक लावला. शाहूपुरीतल्या एका दुकानावरची ही त्याची खोली. भिंतींना जाड फोम, खिडकीला दुहेरी काच. खालच्या रस्त्यावरचा एकही हॉर्न आत येत नव्हता.

आधी भट्टीतून लोखंड ओतल्याचा आवाज. मग घणाचे घाव, आणि त्यांच्या अंगावर धावून जाणारा सॅक्सोफोन. मग बाईची किंकाळी. सॅक्सोफोन तोच सूर उचलायचा आणि मानगूट धरून फरफटत न्यायचा.

हंबीररावांनी मांडीवरची वही घट्ट धरली. एका साप्ताहिकासाठी ते अकरा वर्षं संगीतकारांच्या मुलाखती लिहीत होते. नवा अल्बम आला की जायचं, चहा प्यायचा, दोन पानं लिहायची. एप्रिलपासून मात्र त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. एप्रिलमध्ये राजनंदिनी गेली. पहाटे फिरायला बाहेर पडलेली त्यांची बायको कळंबा तलावात सापडली. पाय घसरला, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. हंबीररावांनी सही केली.

परवा कचेरीतून वरदचा हा पहिला जॅझ अल्बम आला, 'ओतकाम'. सहाव्या ट्रॅकला त्यांच्या हातातला कप खाली पडला. बत्तीस वर्षं ऐकलेला आवाज माणूस विसरत नाही.

"ही किंकाळी कुठली?"

"कळंब्याची, पहाटेची. मी स्टुडिओत माणसं आणून ओरडायला लावत न्हाय, काका. ते पुण्या-मुंबईचं काम. मी रेकॉर्डर घेऊन हिंडतो. कोल्हापूरच ओरडतंय की, आपण नुसतं ऐकायचं. हे लिहा हं."

"कधीची?"

"उन्हाळ्यातली."

"बाई दिसली?"

"अंधार होता. मी झाडीत बसलोवतो."

"एकटीच होती?"

वरदने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "न्हाय. एक बाप्या होता. बडबडत होता तिच्याशी. त्याला मी कापला. सुराला अडत होता."

हंबीररावांनी वही मिटली. "पण मूळ रेकॉर्डिंग आहे?"

"हाय की. ह्यातच हाय." त्याने लॅपटॉपवर थाप मारली. "सगळंच्या सगळं."

"ऐकव."

"ते कुणाला ऐकवत न्हाय मी. धंद्याची गोष्ट हाय."

"वरद, ती माझी बायको होती."

वरदचं हसू तोंडावरच वाळलं. "काका... तसं न्हाय ते. ऐका माझं—"

"ती बुडत होती. आणि तू झाडीत बसून रेकॉर्डिंग करत होतास?"

"खोटं बोललो मी! आईशप्पथ काका, छाप पाडायला नुसतं—"

टेबलावर बिडाचा एक ठोकळा होता, शिरोलीच्या फाउंड्रीतून आणलेला. अल्बममधले घाव त्याच्यावरच घातलेले. हंबीररावांनी तो उचलला आणि वरदच्या कानशिलावर हाणला.

वरद खुर्चीसकट आडवा झाला. कानामागून रक्त मानेवर उतरलं.

"कुठं आहे?"

"सहा... मूळ... त्या फोल्डरमधी. घ्या. घेऊन जा. पण ऐका—"

त्याचा हात फोनकडे सरकला. हंबीररावांनी त्या हातावर गुडघा टेकला आणि दुसरा घाव घातला. काहीतरी फुटल्याचा ओला आवाज झाला. पाय दोनदा झाडले गेले. तिसऱ्या घावाची गरज नव्हती, तरी तो त्यांनी घातला. फोमने तिन्ही घाव गिळले.

ते धापा टाकत उभे राहिले. हात शर्टाला पुसले. खुर्ची सरळ करून बसले, हेडफोन चढवला आणि फाइल उघडली.

आधी एका पोरीचं हसणं आलं.

"वरद्या, चौथा टेक हाय हा. घसा बसंल की माझा!"

"शेवटचा, अंतरा. जीव काढून ओरड." हा वरदचा आवाज.

"दार लावलंस का? खाली दुकानात ऐकू गेलं तर माणसं काठ्या घेऊन वर येतील."

मग किंकाळी. तीच. ती संपते न संपते तोच पोरगी खोकली आणि म्हणाली, "झालं? आता चहा पाज."

हंबीररावांनी हेडफोन काढला.

म्हणजे त्या पहाटे, राजनंदिनीला पाण्यात लोटताना, त्यांना कुणीच ऐकलं नव्हतं.