पाणी सांडणारच

पूर्वा लॅबमधून आली ती तोंड पाडूनच. कूलर पास झाला नव्हता.

सांवेर रोडवरच्या आपल्या कूलरच्या शेडमध्ये यतीन सकाळपासून तिचीच वाट बघत होता. मस्कतच्या व्यापाऱ्याची ऑर्डर लॅबच्या या एका शिक्क्यावर अडली होती. तिकडच्या नियमांत माल बसला तर शेड चालणार, नाहीतर हा सीझन संपला की कुलूप. त्याची बायको वसुंधरा कोपऱ्यात बसून इथल्या बाजारात जाणाऱ्या कूलरांवर लाल स्टिकर चिकटवत होती. ‘पानी भरते समय बटन बंद रखें.’ लेक स्पृहा गेल्यापासून हे काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे. लॅबला पाठवलेल्या नमुन्यावरही तिनंच एक लावला होता.

पूर्वा बिचारी सांगत होती. मोटर ठीक, पंखा ठीक, सगळं ठीक. घोळ झाला तो पाण्याचा. लॅबवाले टाकी काठोकाठ भरतात आणि वरून आणखी ओततात. तसं ओतल्यावर सांडलेलं पाणी मागच्या वायरींच्या डबीत शिरलं आणि पत्र्यात करंट उतरला. झालं, तिथेच नापास.

यतीन भडकला. "ये क्या बात हुई? भरलेल्या टाकीत वरून अजून पाणी? चालू कूलरमध्ये? इतका बावळट असतो का कुणी?"

शेडमधली माणसं होती तिथेच थांबली. आपण काय बोललो ते यतीनला कळायला एक क्षण लागला. मग त्याचा चेहरा उतरला आणि तो टेबलावरचे स्क्रू उगाच एका बाजूला सारू लागला.

वसुंधराचा हात स्टिकरवरच राहिला. राजेंद्र नगरातलं घर, मे महिन्याची दुपार, क्लासला उशीर होतोय म्हणून घाईघाईनं बादली ओतणारी पोर. कूलर याच शेडमधला. तेराव्याला छत्रीबागेतली नणंद सगळ्यांदेखत म्हणाली होती, मुलगी गुणी होती पण भारी धांदरट. नणंदेच्या जिभेला हाड कधीच नव्हतं, तिचं एक सोडा. पण यतीनही येताजाता तेच म्हणायचा, बटन बंद केलं असतं तर आज असती. त्या एका वाक्याला धरून तो दिवस ढकलत होता. ऐकून ऐकून वसुंधरालाही ते खरं वाटायला लागलं होतं. आई असून आपण मेलेल्या लेकीला दोष देतो, याची तिला लाज वाटायची आणि तरी दोष जायचाच.

पूर्वा सांगलीहून नुकतीच इथे नोकरीला आलेली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"सर, तेच तर त्यांचं म्हणणं आहे," ती म्हणाली. "घरात वापरायची वस्तू आहे, पाणी सांडणारच. ते धरूनच तपासतात. स्टिकर लावलाय, हे मी सांगून पाहिलं. पण नुसत्या सूचनेवर ते सोडत नाहीत."

"सांडलं तर चूक कुणाची धरतात?" वसुंधरानं कोपऱ्यातूनच विचारलं.

"कूलरची, काकू."

"भरणाऱ्याची नाही?"

"नाही. भरणाऱ्याची धरतच नाहीत."

वसुंधरानं स्टिकरांचा गठ्ठा बाजूला ठेवला. यतीननं मान वर केली नाही.

हातावर हात ठेवून बसायची सोय नव्हती. पूर्वानं फिटर बंटीला हाताशी घेतलं आणि दुपारपर्यंत दुसऱ्या नमुन्याची दुरुस्ती झालीसुद्धा. जादा पाणी बाहेर पडायला टाकीच्या पुढच्या कडेला एक भोक आणि वायरींच्या डबीला रबरी झाकण. पाणी ओतून, मीटर लावून तिनं दोनदा पाहिलं. काटा जागचा हलला नाही.

"एवढंच?" वसुंधरा म्हणाली.

"एवढंच, काकू."

यतीन मटकन स्टुलावर बसला.

वसुंधरानं बादली उचलली. कूलर चालूच होता. ती काय करतेय ते लक्षात येताच यतीन ओरडत उठला, "वसु, बटन बंद कर आधी." तिनं ऐकलं नाही. ती ओतत राहिली. टाकी भरली, पाणी भोकातून फरशीवर आलं, तिच्या चपला भिजल्या. बादली रिकामी झाल्यावर तिनं ओला तळवा पत्र्यावर टेकला.

काही झालं नाही. पंखा घरघरत राहिला. गार वारा तोंडावर येत होता आणि ती हात तसाच ठेवून रडत होती.

यतीन जवळ येऊन उभा राहिला. तिला हात लावायचा त्याला धीर होईना.

"इथल्या मालालाही हे लावा," ती म्हणाली.

"इथे कुणी मागतच नाही गं," तो कसंबसं म्हणाला.

"मी मागतेय."

तो नुसती मान डोलावत राहिला. वसुंधरानं पदरानं हात पुसले आणि शेजारच्या नापास होऊन आलेल्या कूलरवरच्या लाल स्टिकरची कड नखानं धरली. तिनंच पक्का चिकटवलेला होता. सहजी निघेना.