मागणी कुणी केली

साहेबानं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. बॉल त्याच्यापासून दोन हातांवर होता. गिरणीकडनं खेळणाऱ्या मौलाचा पाय तिथंच होता, आणि त्या अनवाणी पायावर जिमखान्याच्या खेळाडूचा बूट होता. पंच गिरणीचा साहेबच होता; शिट्टी त्याच्या तोंडात होती. त्यानं ती दातांत धरली, वाजवली नाही. याला नजरचूक म्हणणाऱ्यानं म्हणावं. गिरणीमागच्या मैदानाभोवती उभ्या असलेल्या माणसांना दुसरा शब्द ठाऊक होता.

मौला गोलासमोर पडला. जिमखान्याचे खेळाडू बॉल घेऊन पलीकडं गेले आणि गोल करून आले. खेळ संपला. जिंकलेला कप साहेबाच्या तंबूत गेला आणि मागोमाग चहा गेला.

लिंबाखाली लालसाबनं मौलाचा पाय मांडीवर घेतला. लालसाब टांगेवाला. घोड्याचा खूर बघावा तसा त्यानं पाय बघितला. पावलावर, बोटांच्या जरा वर, भोक पडलं होतं. रक्त थांबत नव्हतं.

"खिळा हाय," तो म्हणाला. "बुटाचा. तळ झिजला की खिळा भाईर येतो." आणि त्यानं डोक्याचा पटका सोडून फाडायला घेतला.

"पर फाऊल न्हाय ते," येडू म्हणाला. येडू विणखात्यात होता, आणि प्रत्येक सामन्यात पंचापेक्षा त्याचाच आवाज मोठा असे. "बॉल पायापाशी असंल तर वरनं पाय पडतोच. कायदाच हाय तसा."

"तुला कुणी सांगितला कायदा?"

"सायबाच्या पुस्तकात हाय."

"तू वाचलास?"

"इंग्रजी हाय ते. पर असंलच की."

"असंलच की!" लालसाबनं गाठ आवळली. "मगाशी ह्याच्या कोपराला बॉल घासला, तर तितनं, पार त्या टोकाहून शिट्टी मारली. कोपराला कातडं लागलं तर कायदा, आन् पायात लोखंड घुसलं तर कायदा न्हाय? कसलं रे तुजं पुस्तक?"

"कायदा लई बारीक असतो, लालसाबभाई. तुमाला न्हाय कळायचा."

"व्हय रे, तुलाच कळतो. म्हनून तर तू भाईर बसून वरडतोस."

काही जण हसले. मौला हसला नाही.

"फाऊलचं मरू द्या," तो म्हणाला. "सकाळी भोंगा झाला की मागावर हुबं कसं ऱ्हाऊ, ते सांगा."

खाडा झाला की बदलीवाला मागावर चढतो, आणि चढलेला बदलीवाला सहसा उतरत नाही. खाडा मांडणारा साहेब कोण, हे सांगायची गरज नव्हती. तो समोर तंबूत बसला होता. शिट्टी अजून त्याच्या गळ्यात होती.

संगप्पा मौलाच्या शेजारच्या मागावर काम करी. तो उठला. "फाऊल म्हनाला तर दुखापत त्यांच्या माथी, खाडा मांडता यायचा न्हाय. न्हाय म्हनाला तर तुजा तू पडलास. चल. त्याच्याच तोंडून काढू."

लालसाबनं आणि संगप्पानं मौलाला दोन्ही बाजूंनी धरलं. मागनं येडू आला. बाकीचे लिंबाखालीच राहिले.

तंबूच्या दोरीशी गिरणीचा हेडक्लार्क आडवा आला. आत जिमखान्याचा तो खेळाडू खुर्चीत पाय लांब करून बसला होता. बुटाचा तळ इकडंच होता. खिळा दिसत होता, लाल झालेला.

"त्यो बगा, रावसायेब," लालसाब म्हणाला. "आन् ह्यो पाय बगा."

हेडक्लार्क आत गेला. साहेबानं चहाचा कप खाली न ठेवता चार शब्द टाकले. हेडक्लार्क परत आला तो पुस्तकात बोट घालूनच.

"साहेब म्हणतात, फाऊल नाही. बुटाचं म्हणाल तर पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. दुसऱ्या बाजूनं मागणी केली तरच पंचानं बूट तपासायचे, तेही खेळाच्या आधी. तुम्ही मागणी केली होती का?"

"आमाला बूटच न्हाईत," लालसाब म्हणाला. "बूट तपासा म्हनावं, हे आमाला सुचायचं कसं?"

"सुचायला हवं होतं. नियम सगळ्यांना सारखा."

"बगा," येडू हळूच म्हणाला, "मी म्हनलंच हुतं, कायदा हाय."

संगप्पानं येडूकडं बघितलंसुद्धा नाही.

"म्हंजे, रावसायेब, मागणी झाल्याबिगर सायेब कुनाच्या पायाकडं बगत न्हाईत?"

"नाही. नियमानं बघताच येत नाही."

"मग खेळाआदी आमच्या अकरा जनांस्नी ओळीत हुबं करून छडीनं पाय वर करायला लावले ते? ह्याचं अंगठ्याचं नख वाढल्यालं, म्हनून सगळ्या मैदानादेखत सुताच्या कातरीनं कापायला लावलं. तुमी हसलासा. आमी बी हसलो. ती नखं बगा म्हनून मागणी कुनी केली हुती?"

हेडक्लार्कचं बोट पुस्तकातच राहिलं. त्यानं पान उलटलं नाही, आणि आत वळूनही बघितलं नाही. तंबूत कपबशी वाजली.

"सायबाला इचारा," संगप्पा म्हणाला. त्यानं मौलाचा हात आपल्या खांद्यावर नीट ओढून घेतला. "आमी हितंच हुबं हाय. ह्यो बी हुबा हाय, एका पायावर. इचारा की."