दोन तिरक्या रेघा

"या दोन रेघा कुठून आल्या?" वाउटरनं पडद्यावर बोट ठेवलं.

ग्रनोबलच्या त्या खोलीत वेबपानांची मानकं ठरवणाऱ्या समितीचे नऊ जण होते. पडद्यावर एकच भागाकार दोनदा काढलेला होता. डावीकडचा सोलेनच्या प्रोग्रॅमनं काढलेला, उजवीकडचा 'मर्ल' या टोपणनावानं काम करणाऱ्या कुणा अनोळखी माणसाच्या. दोन्हींत शेवटच्या शून्याखाली दोन बारीक तिरक्या रेघा होत्या.

"मसुद्यात या रेघांचा उल्लेखच नाही," वाउटर म्हणाला. "तपासणीच्या चाळीसही उदाहरणांत बाकी उरत होती, म्हणून आजवर कुणाला दिसल्या नाहीत. आज सकाळी मी निःशेष भाग जाणारं उदाहरण घातलं, आणि हे बघा."

सोलेन बघत होती. शाळेतला भागाकार वेबपानावर जसा वहीत मांडतात तसा मांडता यावा, अंध मुलाच्या यंत्रालाही तो वाचता यावा, यासाठी तिनं सहा वर्षं मसुदा लिहिला होता. समितीचा नियम साधा होता. एकमेकांशी न बोलता, नुसता मसुदा वाचून दोघांनी दोन प्रोग्रॅम केले, तरच तो मान्य. आज शेवटची मुदत होती.

"एकच चूक दोन वह्यांत सापडली तर मास्तर काय म्हणतो?" वाउटरनं विचारलं.

"मास्तर आधी कॉफी पितो," नोंदी टिपणारी इल्दिको म्हणाली. "तूही पी."

कुणी हसलं नाही. वाउटर अध्यक्ष होता आणि त्याच्याकडे अजून पुरावा होता.

"मर्लला मी तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. त्याचं शेवटचं काम आठ मार्चचं. नऊ तारखेपासून तो गप्प. आणि सोलेन, नऊ तारखेपासून तूही आठवडाभर गायब. कारण न देता."

"रजा होती."

"दोघांची एकदमच? सरळ सांग ना बाई, मर्ल म्हणजे तूच."

सोलेन उठून पडद्याजवळ गेली. उजवीकडच्या रेघांपैकी दुसरी जरा लांब होती. लहानपणीच्या घरातलं, स्वयंपाकघरातलं मेणकापड घातलेलं टेबल, त्यावर तिची वही. शून्य आलं की खाली दोन रेघा मारायच्या, दुसरी जरा लांब. मग पेन्सिल ठेवायची आणि खेळायला जायचं. त्या घराबाहेर तिनं त्या रेघा कुठेच पाहिल्या नव्हत्या. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये त्या कधी घातल्या, हेही तिला आठवत नव्हतं.

"मर्ल मी नाही," ती म्हणाली. "पण तो कोण ते आत्ता कळलं. माझे वडील. गणित शिकवायचे. नऊ मार्चला गेले."

वाउटरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वाईट वाटलं," तो म्हणाला. मग हळूच, पण म्हणालाच, "तरी मला विचारावं लागेल. बापलेक म्हणजे... मसुद्याबद्दल तुमचं काही बोलणं झालं होतं?"

"नाही."

"घरगुती गप्पांत? जेवताना वगैरे?"

"आईच्या आजारपणात मी त्यांना एक वाक्य बोलले. त्यानंतर सात वर्षं आम्ही बोललो नाही."

"फोन? नाताळचं कार्ड? दुसऱ्या कुणाकडून निरोप?"

"काहीच नाही. मसुद्यावर माझं नाव आहे, ते त्यांनी वाचलं असणार. एवढंच."

वाउटर खाली बसला. इल्दिकोची बोटं कळफलकावर थांबली होती.

"सोलेन," तिनं विचारलं, "नोंदीत काय लिहू?"

सोलेन अजून पडद्याकडेच बघत होती.

"अट पूर्ण झाली असं लिही," ती म्हणाली. "दोघांत कसलाही संपर्क नव्हता."