तिसरं नाव

"दोघींत स्पर्धा होत नाही," मधुकरराव म्हणाले आणि त्यांनी नियमांची वही मिटली. "तिघींनी वर्तुळं पूर्ण केली तरच निकाल धरतात. पहिल्या दोघी राज्याला. अकराला यादी बंद."

भंडाऱ्यातल्या त्या हॉलमधलं घड्याळ एरवी हमखास मागे पडायचं. जिल्ह्याचा महिलांचा फिगर स्केटिंगचा संघ निवडायचा होता, त्या दिवशी मात्र ते बरोबर चालत होतं. अकराला सात कमी.

बाकावर दोघी चाकांचे बूट बांधून बसल्या होत्या. रंजिता पितळी भांड्यांच्या दुकानदाराची. तिचे बूट इतके चकचकीत, की त्यात हॉलचं छत दिसायचं, जाळ्यांसकट. रुचिता राइस मिलच्या सिमेंटच्या पटांगणावर शिकलेली. वाळलेलं धान उचललं, की संध्याकाळी ते पटांगण तिचं. तिसरी मेघा साकोलीहून यायची होती, पण तिला पाहायला सकाळीच पाहुणे टपकले आणि ती पोह्यांच्या बशा घेऊन अडकली.

रुचिताचं हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी वय कमी पडलं, दुसऱ्या वर्षी दाखल्यावरचा शिक्का. यंदा मुलीच कमी पडल्या. जूनपासून ती नागपूरला नर्सिंगला जाणार होती. तिथे पटांगण नव्हतं.

"वयाची वरची अट काय हाये, भाऊ?" दाराशी डबा घेऊन बसलेल्या बाईने विचारलं. ती सत्यभामा, रुचिताची आई.

मधुकररावांनी चष्मा चढवून वही उघडली. "खुल्या गटाला वरची अट नाही."

"आन् साडीची?"

त्यांनी आणखी दोन पानं चाळली. "साडीबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मंग लिवा माहं नाव."

"आई, तू चाकावर उभी तरी राहिली का कधी?" रुचिता म्हणाली.

"पडली नाई म्हणजे झालं ना. शेवटची आली तरी चालते. मले कायले जिंकाचं हाये?"

फरशीवर रंगाने दोन वर्तुळं काढलेली होती, एकमेकांना चिकटून. त्या रेघेवरून जायचं, चाक रेघ सोडून जाता कामा नये, एवढाच खेळ. रंजिता नीट जाऊन आली. रुचिताही गेली, पण दोन वर्तुळं जिथे भेटतात तिथे तिची नजर दाराकडे गेली. आई पदर कमरेला खोचत होती. चाक दोन बोटं सरकलं. पंचांनी वाकून पाहिलं आणि काहीतरी लिहिलं.

रुचिताच्या पायातले गरम बूट मग आईच्या पायात गेले.

सत्यभामा भिंत सोडून उभी राहिली तेव्हा छतातले पारवेसुद्धा घुमायचे थांबले, असं म्हणतात. पहिल्या पावलाला ती इतकी हलली की एका पंचाने डोळेच मिटले. पडली असती तर तिघींचंही तिथेच संपलं असतं. पडू नको, पडू नको, रुचिताचे ओठ हलत होते.

पण सत्यभामाने पाऊल उचललंच नाही. ओढलं.

बावीस वर्षं ती मिलच्या पटांगणावर उकडं धान पायांनी परतवत होती. पाय उचलायचा नाही, ओढायचा. बाहेरून आत, गोल गोल, एक रेघ दुसरीला चिकटून. मूठभर धान परतायचं राहिलं तर मुकादम सगळं पुन्हा करायला लावायचा. तिच्या रेघा इतक्या नेटक्या की मिलवर उतरणारे बगळेसुद्धा त्यांवर रांगेने बसत.

चाकाला रेघ सापडली. पहिलं वर्तुळ झालं. पंच गुडघ्यांवर बसून पाहू लागले.

रुचिताचे ओठ अजून हलत होते, पण आता शब्द वेगळे होते. चूक. जराशी चूक.

वळणावर आईने तिच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. सत्यभामाने पाय मुद्दाम बाहेर टाकायला घेतला. पाय हलला, पण चाक रेघेवरच राहिलं. तिने आणखी एकदा करून पाहिलं. पुन्हा तेच. जिथून निघाली होती तिथे, अगदी त्याच ठिपक्यावर, ती येऊन थांबली.

मधुकररावांनी यादी वाचली. "पहिली रंजिता. दुसऱ्या सत्यभामाबाई. तिसरी रुचिता, अर्ध्या गुणाने."

"काढा माहं नाव," सत्यभामा म्हणाली.

"काढतो. मग राहिल्या दोघी. दोघींत स्पर्धा होत नाही. रंजिताही घरी."

रंजिता आपल्या बुटांतलं छत पाहत राहिली.

"आन् ऐन वेळेवर मले ताप आला तर?"

मधुकररावांनी वही उघडली नाही. हे त्यांना पाठ होतं. "जागा रिकामी जाते, बाई. खालचीला मिळत नाही."

सत्यभामा बाकावर बसली. डबा तिने मांडीवर घेतला, उघडला नाही. "मी मुद्दाम चुकून राहिली होती, रुचे," ती हळूच म्हणाली. "पाय आयकूनच नाई राहिले."

रुचिता खाली बसली, आईचा एक पाय तिने स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि नाडीची गाठ सोडली. आता ही बूट काढून घेते, असं सगळ्यांना वाटलं. तिने खालच्या भोकापासून नाडी ओढायला सुरुवात केली. एकेक भोक, करकचून, आईने ओठ चावेपर्यंत.

"उद्या मिल सुटली का पटांगणावरच थांब," ती म्हणाली. "तुहा डावा खांदा पडते."