बांगड्यांचा आहेर

छप्पन साली, संयुक्त महाराष्ट्रासाठी राजीनामा न देणाऱ्या आमदारांच्या दारात बायकांचे मोर्चे जात होते. कल्याणच्या पारनाक्यावर आमदार त्र्यंबकराव देवस्थळींच्या ओसरीवरही एका सकाळी हिरव्या बांगड्यांनी भरलेलं ताट आलं. "राजीनामा देववत नसेल तर ह्या भरा हातात!" टिटवाळ्याहून आलेली गंगुबाई ओरडली.

त्र्यंबकराव मुरलेले वक्ते. त्यांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. "बांगडी हा अपमान कसा होईल, ताई? ज्या हातांनी मला घास भरवले, त्या हातांत बांगड्याच होत्या. माझ्या घरातली प्रत्येक बाई ह्या मानानं घालील!"

मोर्चातल्या बायका माना डोलवू लागल्या. दोघीतिघींनी तर टाळ्याही वाजवल्या. राजीनाम्याचं विचारायचं राहूनच गेलं.

ताट आत गेलं. बायकोनं चार बांगड्या घेतल्या, मुलींनी मुठी भरल्या. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली धाकटी बहीण वासंती दाराआडून सगळं ऐकत होती. तिनं दोन उचलल्या आणि हळूच हातात चढवल्या. भाऊ आत आला तसा तिनं हात पुढे केला.

"दादा, अगदी माझ्या मापाच्या निघाल्या बघ."



त्र्यंबकरावांनी आधी खिडकी लावून घेतली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "काढ त्या. बाहेर लोक आहेत अजून."