मुदत संपलेला माल

आमच्या वहिनींचं काम दुकानातला मुदत संपलेला माल हुंगून फेकायचं. नाक इतकं तिखट की बंद डब्यातलं नासलेलं लोणी रस्त्यावरून ओळखत. मॅनेजर व्हायला पदवी हवी, म्हणून लग्नापायी अर्धवट सुटलेलं शिक्षण पुरं करायला आपल्या जुन्या कॉलेजात गेल्या. प्राचार्य म्हणाले, “ताई, पास झालेल्या विषयांचे तुमचे जुने क्रेडिट बाद. दहा वर्षांनी मुदत संपते. पुन्हा पहिल्यापासून बसा.” “अहो सर, तेव्हा तुम्हीच शिकवलंत, तुम्हीच पास केलंत!” “नियम आहे. जुनं ज्ञान कुजतं.” “आणि तुमची पदवी?” “चाळीस वर्षांपूर्वीची!” सरांनी ऐटीत भिंतीवरची फ्रेम दाखवली. वहिनींनी ती उतरवली, हुंगली, तोंड वाकडं केलं आणि दोन बोटांनी कचऱ्याच्या टोपलीत सोडली. “शी! हे अजून विकताय?” सरांनी संतापून शिपायाला बोलावलं. शपथेवर सांगतो, त्याने आधी नाक दाबलं, मग टोपली बाहेर नेली.