हाताचा गुण

वांग्याच्या वावरात बाबांच्या तळपायात काटा मोडला, तेव्हा जयमालानंच सुईवर बिब्बा तापवून त्याचं तेल जखमेत सोडलं. दोन दिवस पाय ठणकला, सुजला. तिसऱ्या दिवशी दुखणं एकदम थांबलं. "माह्या पोरीच्या हाताले गुण हाय!" म्हणत बाबांनी अख्ख्या सोनाळा गावात मिरवलं. जयमालाही फुगली. पाय काळा पडला, तर सगळे म्हणाले, बिब्ब्याचा डाग, जाईल. ताप चढला तेव्हा कुठे बुलढाण्याला आणलं. डॉक्टरांनी पायाला सुई टोचली. "दुखतं?" "बिलकुल नाही, साहेब. ही पाहा आमची डॉक्टरीण!" डॉक्टर हसले नाहीत. "जंतूंच्या विषानं मांस सडलं, नसाही मेल्या, म्हणून दुखत नाही. पाय कापावा लागेल." दाखवायला आणलेला बिब्बा जयमालानं मुठीत लपवला. बाबांनी तिचे डोळे पुसले. "रडून काऊन राह्यली, पोरी? तुह्या हातचा बिब्बा हाय, कापतानाबी दुखणार नाही."